बाटली कुणी कुणाला दिली?

थांबा! हातातलं काम ठेवा बाजूला. पोळ्या नंतर लाटा, बिलं नंतर भरा. मला जीनो बार्ताली सापडलाय!

"कोण?" असं विचारू नका हो, वाईट वाटतं. खरं तर अकरा दिवसांपूर्वी मलाही ठाऊक नव्हता. अकरा दिवसांपूर्वी मी एक सरळसाधी, रात्री साडेदहाला झोपणारी बाई होते. आता मी रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर १९४८ सालच्या शर्यतीचे निकाल वाचते आणि नवरा पाणी प्यायला उठला की त्याला फ्रीजपाशीच गाठते. "अहो, एकवीस मिनिटं मागे होता! एकवीस!"

"कोण?"

"बार्ताली!"

"मग पोचला का?"

"पोचला काय, जिंकला!"

"कधी?"

"१९४८ला."

"मग आता झोप," असं म्हणून नवरा बाटली घेऊन जातो. बाटली! बघा, आलंच! सगळं त्या बाटलीपासूनच सुरू झालं!

पण आधीच सांगून टाकते, मला सायकलच्या शर्यतीतलं ओ की ठो कळत नाही. माझं सायकलिंग म्हणजे लेडीज सायकलच्या कॅरिअरला दप्तर लावून सदाशिव पेठेतल्या शाळेत जाणं. तेव्हाच्या पुण्यात सगळेच जायचे, त्यात कौतुक काही नाही. मग लूना आली, मग स्कूटर आली, मग गुडघे आले. तेव्हा जाणकारांनी हा लेख इथेच सोडावा. ज्यांना गिअर बदलले की नेमकं काय होतं ते माहीत नाही, त्यांनी इकडे माझ्याजवळ सरकून बसा.

तर माझा भाचा. नोकरीसाठी पुण्यात आलाय, जागा मिळेपर्यंत आमच्याकडे आहे. त्याची सायकल हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारी उभी असते आणि देवापेक्षा जास्त पुसली जाते. त्याचा एक टी-शर्ट मी दोरीवर वाळत घालत होते. त्यावर एक काळापांढरा फोटो. दोन हडकुळी माणसं सायकलवरून डोंगर चढतायत, एक पुढे, एक मागे, आणि दोघांच्या मधोमध एक बाटली. दोघांचेही हात बाटलीला! मी चिमटा तोंडात धरूनच विचारलं, "ही पुढच्याने मागच्याला दिली की मागच्याने पुढच्याला?"

भाच्याने हातातला कप खाली ठेवला. "आत्या, हाच प्रश्न इटली सत्तर वर्षं विचारतीये!"

आणि मग काय विचारता! आणि मग त्याने सांगितलं की हा फोटो १९५२च्या टूर द फ्रान्समधला, आल्प्समधल्या गालिबिएच्या चढावरचा, पुढचा फाउस्तो कोप्पी, मागचा जीनो बार्ताली, आणि मग मी विचारलं की हे मित्र का, तर तो म्हणाला छे, हाडवैरी, आणि मग मी म्हटलं हाडवैरी एकमेकांना पाणी कशाला देतील, आणि मग तो म्हणाला तेच तर, आणि मग चहा गार झाला, भाजी करपली आणि माझं आयुष्य बदललं!

अर्धी इटली कोप्पीची, अर्धी बार्तालीची. घराघरांत भांडणं! बार्ताली तस्कनीतल्या खेड्यातला, पक्का देवभोळा. लोक त्याला 'धर्मात्मा जीनो' म्हणायचे. कोप्पी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, आधुनिक, अबोल. माझे आजोबा बालगंधर्व आणि केशवराव भोसल्यांबद्दल असंच बोलायचे. तुम्ही या गोटातले की त्या? आणि जसं १९२१ला ते दोघे 'संयुक्त मानापमाना'त एका रंगमंचावर आले, तसे १९४९ला हे दोघे टूर द फ्रान्समध्ये एकाच इटालियन संघात! कोप्पी पहिला आला, बार्ताली दुसरा! मला आजोबांना फोन करावासा वाटला. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली.

या दोघांचं वैर किती पोरकट असावं? ऐका! १९४६च्या इटलीच्या शर्यतीत कोप्पीने एका चढावर छोट्या कुपीतून काहीतरी प्यायलं आणि कुपी गवतात भिरकावली. बार्तालीने ती जागा डोक्यात पक्की केली. शर्यत संपल्यावर गाडी घेऊन परत त्या घाटात गेला! गवतात शोधाशोध केली! कुपी सापडली! तपासायला दिली! आत काय निघालं? साधं टॉनिक! आणि ही गोष्ट नंतर जगाला सांगितली कुणी? स्वतः बार्तालीनेच! आणि १९४८च्या जागतिक स्पर्धेत, नेदरलँड्समध्ये, दोघे एकमेकांवर इतकी नजर ठेवून बसले की बाकीचे निघून गेले, हे दोघे सायकलवरून उतरले, आणि इटलीच्या सायकल महासंघाने दोघांवरही बंदी घातली! शेजारपाजारच्या दोन बंगल्यांची आंब्याच्या फांदीवरून चाललेली भांडणं आठवली मला.

बरं, आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मलाही दोनच गोष्टी कळल्यात.

पहिली गोष्ट वाऱ्याची! पुढच्याच्या पाठीला चिकटून सायकल चालवली की वारा पुढचा खातो आणि मागचा आरामात येतो! आपण लहानपणी उसाच्या ट्रॅक्टरच्या मागे सायकल घालायचो ना? (नाही म्हणू नका.) तेच! म्हणून या शर्यती एकेकट्याच्या नसतात, संघाच्या असतात. एक नेता आणि बाकीचे त्याचे गडी. इटालियनमध्ये त्यांना 'ग्रेगारिओ' म्हणतात. त्यांचं काम नेत्यासाठी वारा अडवायचा, पाणी आणून द्यायचं, नेत्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून द्यायचं, आणि हरायचं! पगार घेऊन हरायचं! मी इतकी वर्षं एकत्र कुटुंबात काढली, मला ही नोकरी आहे हेच माहीत नव्हतं!

दुसरी गोष्ट घाटाची. सपाटीवर पुढच्याचा आडोसा मदत करतो, पण चढावर चाल मंदावते, मग कुणाच्या मागे लपून फारसा उपयोग नाही. तिथे ज्याचे त्याचे पाय आणि ज्याची त्याची छाती. म्हणून घाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला वेगळा मान. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटासाठी 'घाटाचा राजा' असतो ना, तसाच टूर द फ्रान्समध्येही असतो! आणि बार्ताली हा घाटाचा राजा होता! १९३८लाही आणि १९४८लाही!

आता तुम्ही म्हणाल, गिअर टाकले असतील आणि गेला असेल वर. अहो, त्याचे गिअर ऐका! मी भाच्याला तीनदा समजावून सांगायला लावलं, तिसऱ्यांदा तो पाण्याचा ग्लास घेऊन बसला. १९४८ला त्याच्या सायकलला जे यंत्र होतं त्याचे खटके मागच्या चाकाजवळच्या दांडीवर होते. म्हणजे चढ चढता चढता हात मागे न्यायचा, चाचपडत खटका फिरवायचा आणि चाक सैल करायचं. धावत्या सायकलचं चाक सैल! मग पायडल उलटं मारायचं, मारता मारता दुसऱ्या खटक्याने साखळी एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर ढकलायची आणि मग पुन्हा चाक आवळायचं! हे सगळं दगडधोंड्यांच्या रस्त्यावर, चिखलात, खांद्यांवर सुटे टायर गुंडाळून! मला स्कूटरवर ओढणी सावरता येत नाही!

आणि हा माणूस कुठून आला? फ्लॉरेन्सजवळचं पोन्ते आ एमा नावाचं खेडं, १८ जुलै १९१४चा जन्म. पोरगेला होता तेव्हा गावातल्या सायकलच्या दुकानात कामाला. पंक्चर काढणारा पोरगा! आणि मग एकविसाव्या वर्षी, १९३६ला, इटलीची सगळ्यात मोठी शर्यत, जीरो, जिंकला! आणि त्याच जूनमध्ये त्याचा धाकटा भाऊ जुलिओ, तोही शर्यतीत पळायचा, एका शर्यतीतच मोटारीला धडकून गेला.

इथे मी मोबाइल खाली ठेवला होता. जीनोही सायकल कायमची खाली ठेवणार होता. ठेवली नाही. पुढच्या वर्षी जीरो पुन्हा जिंकला. मग १९३७ला टूर द फ्रान्समध्ये सगळ्यांच्या पुढे, आघाडीवाल्याची पिवळी जर्सी अंगात, आणि पुलावरून बर्फासारख्या ओढ्यात पडला! बाहेर निघून तशाच ओल्या अंगाने पुढे गेला! काही दिवसांनी त्याला घरी बोलावलं गेलं. आणि मग १९३८ला परत आला आणि जिंकला! मुसोलिनीचं राज्य होतं, विजय हुकूमशहाच्या चरणी वाहायची पद्धत. याने मुसोलिनीचं नावही घेतलं नाही! दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या चर्चमध्ये जाऊन फुलं मेरीच्या पायाशी ठेवली!

१९४०च्या जीरोत तर कमाल. संघाचा नेता बार्ताली, आणि पाणी आणायला, वारा अडवायला नवा पोरगा घेतला होता, वीस वर्षांचा. नाव फाउस्तो कोप्पी! दुसऱ्याच दिवशी बार्तालीच्या वाटेत कुत्रं आलं. कुत्रं! नेता आडवा झाला आणि पाणक्या जिंकला! आणि त्या शर्यतीत डोंगरात कोप्पी हातपाय गाळून बसला तेव्हा त्याला शिव्या घालून, अंगावर बर्फ फेकून पुन्हा सायकलवर बसवलं ते बार्तालीनेच, असं सांगतात. शर्यत संपली ९ जूनला. १० जूनला इटली महायुद्धात उतरली. एका दिवसाचं अंतर!

आणि मग...

इथून पुढे जरा हळू वाचा. मीही हळू लिहिते. जमलं तर.

सप्टेंबर १९४३नंतर जर्मनांनी उत्तर आणि मध्य इटली ताब्यात घेतली आणि ज्यूंची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दल्ला कोस्ता आणि तिथले रब्बी नातान कासुतो यांनी लोकांना लपवायची गुप्त यंत्रणा उभी केली. मठांत, कॉन्व्हेंटांत, घरांत. पण लपलेल्या माणसाला ओळखपत्र लागतं. ते छापायचं काम असिसीत लुईजी ब्रिझी नावाचा छापखानावाला आणि त्याचा मुलगा करायचे. आणि हुशारी बघा! खोट्या पत्रांवर गावं कुठली टाकायची? दक्षिण इटलीतली, जी दोस्त राष्ट्रांनी आधीच जिंकली होती. म्हणजे जर्मनांना तिथे चौकशीच करता येणार नाही! सरकारी कागदातली ही मेख आपल्याला चटकन कळते, नाही का? आपण कागदपत्रांच्या देशातले!

पण छायाचित्रं फ्लॉरेन्सहून असिसीला आणि तयार ओळखपत्रं असिसीहून फ्लॉरेन्सला न्यायची कुणी? जवळपास पावणेदोनशे किलोमीटर! मध्ये जर्मन चौक्या! कुणाला एवढ्या लांब सायकल चालवताना पाहून संशय येणार नाही?

सांगा बघू!

सराव करणारा बार्ताली! छातीवर स्वतःचं नाव लिहिलेली जर्सी घालून, उजेडात, उघड! सैनिकांनी अडवलं तर गप्पा मारायच्या, सही द्यायची, आणि म्हणायचं, सायकलला तेवढा हात लावू नका, सगळे भाग मोजूनमापून बसवलेत! कारण कागद सायकलीतच होते. सीटखालच्या नळीत!

आता मला सांगा, हे वाचल्यावर तुम्ही काय केलं असतं? बरोबर! भाचा ऑफिसला गेला होता. मी त्याची अ‍ॅलन की घेतली (अकरा दिवसांत मला अ‍ॅलन की म्हणजे काय ते कळलंय!), सीटची दांडी सैल केली, उपसून काढली, आणि आत बघितलं. नळी! पोकळ! अंधारी! खरंच कागद मावेल अशी! समोर टीपॉयवर वीजबिल पडलं होतं. त्याची सुरळी केली. आत घातली. मावली! मी एकटीच हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या! आणि मग सुरळी सरकली, सुर्रकन खाली गेली आणि बसली तळाशी.

संध्याकाळी भाचा आला. सायकलकडे एकदाच बघितलं. "आत्या, सीट खाली कुणी केली?" अर्धा इंच फरक असेल नसेल! त्याला दिसला! (म्हणजे बार्तालीची सबब खरीच होती की! हात लावला की यांना कळतं!) मग सायकल उलटी केली, हलवली, झटकली, शेवटी माझ्या विणकामाच्या सुईने बिल बाहेर निघालं, चार तुकड्यांत. "ऑनलाइन भरता येतं," नवरा पेपरामागून म्हणाला.

पण खरं सांगू? ती सुई नळीत फिरवताना माझा हात एकदम थांबला. माझ्या नळीत दोन हजार तीनशे रुपयांचं बिल होतं. त्याच्या नळीत माणसं होती.

आणि घरी? घरी बायको आद्रियाना आणि लहान मुलगा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे एक अख्खं ज्यू कुटुंब, गोल्डनबर्ग, त्याने आपल्या जागेत आणि पुढे तळघरात लपवलं होतं. त्या कुटुंबातल्या मुलाने पुढे म्हातारपणी स्वतः ते सांगितलं. जुलै १९४४मध्ये बार्तालीला फ्लॉरेन्सच्या 'व्हिला त्रिस्ते'त चौकशीला नेलं. त्रिस्ते म्हणजे दुःखी. दुःखाचा बंगला! छळासाठीच कुप्रसिद्ध. तिथल्या मुख्य छळकर्त्याचं आडनाव काय होतं सांगू? करिता! इटालियनमध्ये करिता म्हणजे दया! मी डिक्शनरीत दोनदा बघितलं! त्यांना व्हॅटिकनकडून बार्तालीला आलेलं आभाराचं पत्र सापडलं होतं, त्यांना वाटलं हा शस्त्रं पुरवतो. तो म्हणाला, पीठ, साखर आणि कॉफी. सुटला!

जुलै १९४४. मी हा महिना वहीत लिहिला (हो, वही केलीये, दोनशे पानी!) आणि काहीतरी टोचायला लागलं. जुलै १९४४, मध्य इटली. कुठेतरी ऐकलंय. आणि मग मी नकाशा उघडला आणि मग अंगावर काटा आला! नाईक यशवंत घाडगे! आपल्या रायगडमधल्या माणगाव तालुक्याचे! मराठा लाइट इन्फन्ट्री! १० जुलै १९४४ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले, बरोबरचे सगळे पडले होते, काडतुसं भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि तिथेच गेले. बावीस वर्षांचे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस! त्यांच्या नावाचं स्मारक, सूर्यघड्याळ, इटलीतल्या मोन्तोनेमध्ये २०२३ला उभं राहिलं. आणि मोन्तोने कुठल्या प्रांतात? पेरुजा! आणि असिसी कुठल्या प्रांतात? पेरुजा!

हे दोघे भेटले नाहीत. एकमेकांचं नावही त्यांना माहीत असायचं कारण नाही. पण त्याच उन्हाळ्यात, त्याच डोंगरांत, एक कोकणातला पोरगा आणि एक तस्कनीतला सायकलवाला! शाळेत आम्हाला महायुद्ध शिकवलं ते तहांच्या तारखांनी. हे कुणी सांगितलंच नाही!

चला, आता १९४८! पाणी पिऊन घ्या, चढ आहे!

युद्धात टूर द फ्रान्स बंद होती, १९४७ला पुन्हा सुरू झाली. बार्ताली परत आला तो १९४८ला, चौतिशीच्या उंबरठ्यावर. म्हातारा! या धंद्यात म्हातारा! पत्रकार हसत होते. रोज एक टप्पा, सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज. जवळपास निम्मी शर्यत झाली तेव्हा तरणाबांड फ्रेंच लुइसाँ बोबे पुढे आणि बार्ताली एकवीस मिनिटांहून जास्त मागे. १४ जुलैला कान शहरात विश्रांतीचा दिवस. आणि त्याच दिवशी रोममध्ये कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोलियात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इटलीभर संप, दंगे, माणसं रस्त्यावर, यादवी होणार अशी भीती. आणि मग हॉटेलात फोन वाजला. पंतप्रधान दे गास्पेरी! एक शर्यत जिंकता येईल का? देशाला गरज आहे!

विचार करा हो! तुम्ही इतक्या दिवसांचे आंबलेले पाय वर करून पडलायत आणि पंतप्रधानांचा फोन!

दुसऱ्या दिवशी पाऊस, थंडी, चिखल. इझोआरचा घाट, उंची २,३६० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर! म्हणजे कळसूबाईवर आणखी सातशे मीटर रचा आणि तिथे तो मागे हात नेऊन चाक सैल करतोय! आणि गेला! सगळ्यांना मागे टाकून एकटा गेला! बोबेची एकवीस मिनिटांची आघाडी संध्याकाळी उरली साधारण एका मिनिटाची! त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच घाट, पुन्हा जिंकला, पिवळी जर्सी अंगात! त्याच्या पुढचा टप्पाही जिंकला! ओळीने तीन! आणि याच धामधुमीत १८ जुलैला चौतिसावा वाढदिवस! पॅरिसला पोचला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या बेल्जियन ब्रिक स्खोटेच्या २६ मिनिटं १६ सेकंद पुढे होता. एकवीस मिनिटं मागे होता हो! पहिली टूर १९३८ला जिंकली, दुसरी १९४८ला. दहा वर्षांचं अंतर. एवढ्या अंतराने ती शर्यत पुन्हा जिंकणारा दुसरा कुणी आजवर झालेला नाही!

इटलीतली यादवी बार्तालीने टाळली असं तिथे लोक कौतुकाने सांगतात. तोलियात्ती वाचले, त्यांनीच आपल्या लोकांना शांत राहायला सांगितलं, हे मोठं कारण असणार, एवढं मलाही कळतं. पण लोकांनी दगड खाली ठेवून रेडिओला कान लावले असतील त्या दिवशी, असं मला वाटतं. बोरघाटापलीकडे न गेलेल्या माझ्यासारख्या बाईलाही रात्री दीड वाजता झोप येत नाही, तर त्यांना कुठून आली असेल!

आता शेवटची गोष्ट. यासाठीच मी हा सगळा घाट चढले.

बार्ताली अबोल नव्हता. मुळीच नाही! चौकातल्या कट्ट्यावर बसून सगळ्या जगाला नावं ठेवणारे काका असतात ना, तसा! घोगरा आवाज आणि तोंडी एकच पालुपद, "सगळंच चुकलंय, सगळं नव्याने करायला हवं!" कोप्पीबद्दल बोलायचा, शर्यतींबद्दल बोलायचा, १९५९ला तर टीव्हीवर कोप्पीबरोबर चक्क गाणं म्हटलं! (दोघेही बेसूर! मी पाचदा पाहिलं!) वर्षभराच्या आत, २ जानेवारी १९६०ला, कोप्पी मलेरियाने गेला, अवघा चाळीस वर्षांचा. बार्ताली पुढे चाळीस वर्षं बोलत राहिला. कुपी गवतातून शोधून आणल्याची लाजिरवाणी गोष्टसुद्धा सांगितली.

फक्त सीटखालच्या नळीत काय होतं ते सांगितलं नाही. मुलाला सांगितलं, तेही थोडं थोडं, आणि बजावलं की बोलायचं नाही. ५ मे २००० रोजी फ्लॉरेन्समध्ये गेला, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन. इस्राएलच्या याद वाशेम या स्मारक-संस्थेने त्याला ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या यादीत मानाचं स्थान दिलं ते २०१३ला. २०१८ला जीरो शर्यत जेरुसलेमहून सुटली, त्याच्या स्मरणार्थ. काही इतिहासकार म्हणतात, पुरावे अपुरे आहेत, शेकडो जीव वाचवल्याचे आकडे फुगवलेले आहेत. वाद चालू आहे आणि चालू द्यावा, तो त्यांचा प्रांत. मला (कुणी विचारलं नाही तरी) एवढंच वाटतं, की इतक्या बडबड्या माणसाने एकच गोष्ट पन्नास वर्षं पोटात ठेवली, ते काही सोपं नाही.

मला विचारा! परवा पहाटे मी भाच्याची जुनी सायकल घेऊन बाहेर पडले. पाषाणच्या रस्त्याला, छोटासा चढ, चार किलोमीटर. दोनदा उतरले, एकदा एका पेन्शनर आजोबांनी मला सायकलवरून मागे टाकलं, साध्या काळ्या सायकलवरून, पिशवीत कोथिंबीर! पण चढले! आणि घरी येईपर्यंत मी बहिणीला, दोन मैत्रिणींना, वॉचमनला आणि इस्त्रीवाल्याला सांगून झालं होतं! सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला! चार किलोमीटरचे सात मेसेज!

त्या फोटोतली बाटली कुणी कुणाला दिली, याचं एकमताने उत्तर अजून मिळालेलं नाही. भाचा म्हणतो कोप्पीने दिली. मी बार्तालीच्या गोटात. त्यावरून काल जेवताना आमचं भांडण झालं, नवऱ्याने मध्ये पडून विचारलं, "दोघांनी प्यायलं ना पाणी?" आणि आम्ही दोघांनी त्याच्यावर एकदमच डोळे वटारले.

तर आता तुम्ही उठा. खाली पार्किंगमध्ये तुमची सायकल धूळ खात असेल, हँडलला कुणाची तरी ओली पँट वाळत घातलेली असेल. ती काढा. टायर दाबून बघा. हवा नसेल तर बी विंग, दुसरा मजला, बेल वाजवा, पंप माझ्याकडे आहे. रविवारी सहाला निघतोय. बाटली प्रत्येकाने आपापली आणायची.